एम३६ बोल्ट आणि फ्लँजमधली फट : बेळगावच्या उद्यमबागेतल्या चाचणीच्या नोंदी

९ जून २०२५

बोल्टच्या चाचणीला मालकांनी होकार दिला, पण रोजचं जॉबवर्क थांबवायचं नाही या अटीवर. त्यामुळे चाचणीचा सांगाडा शेडच्या मागच्या अंगाला उभा करायचा, जिथे सध्या जुन्या पॅटर्नचा ढीग पडलाय, आणि काम करायचं ते संध्याकाळी.

हे सगळं कशासाठी, ते आत्ताच लिहून ठेवतो. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या आणि गदगकडच्या पवनचक्क्यांसाठी आम्ही सॉकेट, रिॲक्शन आर्म, फिक्स्चर असली कामं करत आलोय. आता पुण्याकडच्या एका ग्राहकाने टॉवरच्या फ्लँजचं, म्हणजे टॉवरचे तुकडे बोल्टने जोडायच्या जाड कड्यांचं, मशिनिंग विचारलंय. त्याची पुढची नजर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर आहे. ड्रॉइंगवर फ्लँजच्या तोंडाचा सपाटपणा इतका कडक मागितलाय की मालकांनी कागद बाजूला सारला. "हे नखरे आहेत. अख्खा टॉवर बसवून शंभर बोल्ट आवळले की कुठली फट राहते?" असं त्यांचं म्हणणं.

राहते की नाही, आणि राहिली तर बोल्टचं काय होतं, हे मोजून दाखवायचं. एक बोल्ट, फ्लँजचे दोन तुकडे, वरून ओढायला जॅक. बस.

१२ जून

मोजायच्या आधी आकडे डोक्यात पक्के असावेत म्हणून आज फक्त वही-पेन.

समुद्रातली पवनचक्की बहुतेक ठिकाणी एकाच जाड पोलादी नळावर उभी असते. तो मोनोपाइल समुद्रतळात ठोकलेला असतो. त्यावर जोडतुकडा, आणि त्यावर टॉवर. पूर्वी हा जोडतुकडा नळावर टोपीसारखा चढवून मधल्या जागेत सिमेंटसारखं ग्राउट भरायचे. २००९-१० च्या सुमारास उत्तर समुद्रात ध्यानात आलं की साध्या सरळ नळांवरचं ते ग्राउट धरून राहत नाही, जोडतुकडे हळूहळू खाली सरकताहेत. त्यानंतर फ्लँज आणि बोल्टच्या जोडाकडे कल वाढला. बोल्ट कसले, तर एम७२ (म्हणजे ७२ मि.मी. व्यासाचे), ग्रेड १०.९, एका फ्लँजला शंभराहून जास्त.

एम७२ च्या आट्यांचं ताणक्षेत्र ३४६० चौरस मि.मी. ग्रेड १०.९ म्हणजे तुटायची ताकद १००० मेगापास्कल. तिच्या ७० टक्के प्रीलोड, म्हणजे आवळतानाच भरलेला ताण, धरला तर एका बोल्टमध्ये २४२२ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ २४७ टन.

आता दुसरी बाजू. युरोपियन नियमावलीत बोल्टसाठी फटीगची (पुन्हा पुन्हा ताण बसून थकण्याची) श्रेणी ५० आहे, आणि ३० मि.मी.च्या वरच्या व्यासाला त्यातही कपात. एम७२ ला हिशेब येतो ४० मेगापास्कलचा. म्हणजे २० लाख आवर्तनं टिकायचं असेल तर ताणाचा चढउतार ४० च्या आत हवा. २४७ टन वर्षानुवर्षं शांतपणे धरून ठेवणारा बोल्ट १४ टनांच्या सततच्या हेलकाव्याने जातो. आट्याच्या तळाशी खाच असते, भेग तिथूनच निघते. नटमधला पहिला आटा एकटाच तिसरा हिस्सा भार घेतो, म्हणून तुटतोही बहुधा तिथेच.

आणि लाटा? ८ सेकंदांना एक धरली तर २५ वर्षांत दहा कोटींच्या घरात.

मालकांना ही दोन पानं वाचायला दिली. "१४ टन" खाली पेनाने रेघ मारून परत आली. म्हणजे वाचलीत.

२० जून

बोल्ट आले. एम७२ आपल्या आवाक्याबाहेर, म्हणून एम३६, ग्रेड १०.९, गरम जस्तात बुडवलेले. डबे उघडले तर एकात बोल्टवर एका कारखान्याची खूण आणि नटवर दुसऱ्याच. पुरवठादाराला फोन केला, तर "साइझ तोच आहे ना?"

साइझ तोच असून भागत नाही. या जातीचे बोल्ट, नट, वॉशर एकाच कारखान्याचा जुळवलेला सेट म्हणूनच वापरायचे असतात. बोल्टवर जस्ताचा थर बसतो, म्हणून नटचे आटे किंचित मोठे पाडतात आणि त्याला कारखान्यातच वंगण लावून देतात. एकाचा बोल्ट आणि दुसऱ्याचा नट घेतला की घर्षणाचा हिशेब कोलमडतो. तो डबा परत पाठवला. बाकीचे ठीक.

वॉशरची एक बाजू आतल्या कडेला उतरती केलेली असते. ती बोल्टच्या डोक्याकडे यायला हवी, कारण डोक्याखाली वळणाची गोलाई असते आणि सपाट कड तिथे रुतते. आमचे कारागीर मामा, त्यांना सांगायला गेलो तर त्यांनी आधीच सगळे वॉशर एका बाजूने लावून ठेवलेले.

१ जुलै

स्ट्रेन गेज, म्हणजे ताण वाचणाऱ्या पट्ट्या, चिकटवायचं काम. बोल्टच्या दांड्यावर चारी बाजूंना एकेक, म्हणजे सरळ ताण वेगळा आणि वाक वेगळा वाचता येतो. तारा बाहेर काढायला डोक्यातून तिरपं भोक.

कागदावर हे सोपं वाटतं. जस्ताचा थर तेवढ्यापुरता घासून काढायचा, बारीक पॉलिश पेपर, मग ॲसिटोन, मग परत ॲसिटोन. कापसावर काळं येईनासं होईपर्यंत. गेज नखाएवढा. टेपवर उलटा धरून रेषेत बसवायचा, डिंकाचा एकच थेंब, आणि वरून अंगठा दाबून गप्प बसायचं. प्रकल्पासाठी येणाऱ्या कॉलेजच्या दोन पोरांपैकी एकीचा हात यात इतका स्थिर आहे की बाकी आम्ही सगळे बाजूला झालो.

अडचण हवेची. बेळगावचा पाऊस सुरू झालाय, शेडमध्ये पत्र्याला आतून पाणी सुटतं. गेज आणि बोल्ट यांच्यातला इन्सुलेशनचा रोध उतरला की आकडा आपोआप सरकायला लागतो, बोल्टला हात न लावता. शेवटी खोक्यात शंभराचा बल्ब लावून रात्रभर बोल्ट आत ठेवले आणि सकाळी गरम असतानाच मेण आणि वरून सिलिकॉन. आता आकडा जागचा हलत नाही.

५ जुलै

कॉलेजच्या ६० टनी यूटीएमवर (ओढून-दाबून तपासायच्या यंत्रावर) गेज असलेले बोल्ट ओढून घेतले. ५१० किलोन्यूटनपर्यंत चढवायचं, उतरवायचं, परत चढवायचं. रेघ सरळ आली, परतीला शून्यावर आली. आता बोल्ट म्हणजेच आमचा लोड सेल, भार मोजायचं साधन.

१४ जुलै

आज टॉर्क, म्हणजे पान्याने फिरवायचा जोर. यावर जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यांचा विश्वास याच आकड्यावर असतो.

हिशेब साधा आहे: टॉर्क म्हणजे घर्षणाचा गुणक गुणिले ताण गुणिले व्यास. एम३६ ला २८०० न्यूटन-मीटर दिला आणि गुणक ०.१५ च्या आसपास असला तर ताण ५१० किलोन्यूटनच्या जरा वर जातो. तोच गुणक ०.१२ असेल तर ६४८. ०.२० असेल तर ३८९. पाना तोच, टॉर्क तोच, कारागीरही तोच. पान्याने दिलेल्या जोरातला निम्मा नटच्या तळाशी, चाळीसेक टक्के आट्यांत घासण्यात जातो, आणि बोल्ट ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. घर्षण थोडं हललं की दहाव्या हिश्शाचं कल्याण.

पहिला सेट डब्यातून काढला तसाच. मामांनी मल्टिप्लायर (पान्याचा जोर वाढवणारं साधन) लावला, ठरलेल्या टॉर्कला थांबले. स्क्रीनवर ५१० च्या जवळपास.

दुसऱ्या सेटचा नट मुद्दाम थिनरने धुतला. साइटवर नट मातीत पडतो, कोणीतरी "स्वच्छ करून" देतो, त्याची नक्कल. अर्ध्यावरच किरकिर सुरू झाली. पाना अडकून अडकून, झटक्याने पुढे जायला लागला. टॉर्क पूर्ण झाला तेव्हा ताण ४०० लाही पोचला नव्हता. नट उघडून पाहिला तर आट्यांत जस्ताचा चुरा.

तिसऱ्याला वरून भरपूर ग्रीस. ताण सहाशेच्या पुढे जातोय म्हटल्यावर मीच थांबवलं. या बोल्टची सरळ ओढीतली यील्ड ७३५ आहे, पण पान्याने आवळताना पीळही पडतो, त्यामुळे खरी हद्द त्याच्या बरीच आधी येते.

मामा म्हणाले, "पान्याला काय कळतंय गा आत किती ताण हाय ते? त्याला आपल्या हातातला जोर तेवढा कळतोय."

पोरांनी विचारलं की मग समुद्रात काय करतात. मोठ्या बोल्टना हायड्रॉलिक टेन्शनर लावतात. बोल्टचं वरचं टोक पकडून सरळ ओढायचं, नट हाताने खाली बसवायचा, आणि दाब सोडायचा. पीळ नाही, घर्षणाचा खेळ कमी. पण दाब सोडताना भार नटवर येतो तेव्हा थोडा ताण उतरतो, तो धरून आधीच जास्त ओढावं लागतं. आणि नटच्या वर पकडायला पुरेसे आटे बाहेर ठेवावे लागतात.

१६ जुलै

दुपारपासून वीज नाही. तिसऱ्या रेल्वे गेटापाशी पाणी तुंबलंय म्हणून दुसरी पाळी उशिरा. काम शून्य.

२५ जुलै

आवळून ठेवलेल्या बोल्टचा ताण दिवसागणिक पाहतोय. पहिल्या तासाभरात उतरतो, मग मंद होतो. कारण कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही: पृष्ठभागावरचे उंचवटे, जस्त, रंग हे सगळं दाबाखाली बसतं. काही मायक्रॉनच, पण बोल्ट तरी किती ताणलाय?

आपल्या जोडाची पकड १५२ मि.मी. आहे: ७० चे दोन फ्लँज आणि दोन वॉशर. ५१० किलोन्यूटनला बोल्ट लांबतो ०.४५ मि.मी.च्या आसपास. २० मायक्रॉन बसले तर चारेक टक्के ताण गेला. हाच बोल्ट ४० मि.मी.च्या पातळ जोडात लावला असता तर लांबला असता ०.१६, आणि तेच २० मायक्रॉन बारा टक्के खाऊन गेले असते. फ्लँज इतके जाड का करतात याचं अर्धं उत्तर इथे आहे. पवनचक्की सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत बोल्ट पुन्हा तपासतात तेही याचसाठी.

एका पोराचा प्रश्न: हादऱ्यांनी नट सुटत नाही का, लॉकनट का नाहीत? जोड आडवा घसरायला लागला तर नट आपोआप फिरतो, हे युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं. पण घसरू न देणं हे प्रीलोडचंच काम. इतक्या दाबाखाली फ्लँज आडवे हलतच नाहीत. ताण गेला तर मात्र लॉकनटने वाचायचं नाही.

४ ऑगस्ट

मालकांचा प्रश्न, आणि रास्त प्रश्न: "१०.९ ऐवजी १२.९ घेतले तर? जास्त ताकद, विषय संपला."

दोन कारणांनी नाही. एक, फटीगला ग्रेड वाढवून फरक पडत नाही. आट्याची खाच तीच राहते, नियमावलीत श्रेणीही तीच राहते. दोन, १२.९ चं पोलाद जास्त कडक. जस्तात बुडवण्याआधी ॲसिडमध्ये धुतात, तिथे हायड्रोजन आत शिरतो, आणि कडक पोलादात तो ताणाखाली भेगा पाडतो. बोल्ट आवळून झाल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणी जवळ नसताना, डोकं उडतं. समुद्राची खारी हवा गंजातून आणखी हायड्रोजन पुरवते ते वेगळंच.

त्यांनी ऐकून घेतलं. १२.९ चा विषय मिटला.

१३ ऑगस्ट

ज्यासाठी हा खटाटोप होता ती चाचणी.

आधी रचना. टॉवरचा पत्रा फ्लँजच्या बाहेरच्या कडेला, बोल्ट आत. पत्र्यापासून बोल्ट ५० मि.मी., बोल्टपासून फ्लँजची आतली कड ५५. वारा आणि लाट पत्र्याला ओढतात, बोल्टला थेट कोणी ओढत नाही. जोड घट्ट मिटलेला असेल तर ती ओढ आधी फ्लँजमधला दाब कमी करण्यात खर्ची पडते, बोल्टला जेमतेम कळते. जोड पत्र्याच्या बाजूला उघडा असेल तर आतली कड टेकू बनते आणि सरळ तरफेचा हिशेब लागतो: १०५ भागिले ५५, म्हणजे पत्र्यावर १ किलोन्यूटन तर बोल्टवर १.९.

पहिली फेरी: दोन्ही तोंडं ग्राइंडिंग केलेली, फिलर (फट तपासायची पातळ पानं) कुठेही शिरत नाही. बोल्ट ५१० वर. जॅकने पत्रा ६० किलोन्यूटनने ओढला. बोल्टमध्ये वाढ ५-६ किलोन्यूटन. सोडलं, पुन्हा ओढलं, तेच. पोरांना वाटलं गेज बंद पडला.

दुसरी फेरी: आतल्या कडेखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी), म्हणजे फट पत्र्याच्या बाजूला. बोल्ट परत ५१० लाच आवळला. हे महत्त्वाचं, दोन्ही वेळा ताण तोच. डोळ्यांना फट मिटल्यासारखी दिसते, पण फिलरचं सर्वांत पातळ पान पत्र्याखाली अजून शिरतं. तीच ६० ची ओढ. बोल्टमध्ये वाढ ४० च्या वर. शिवाय समोरासमोरच्या दोन गेजांचे आकडे फाकले, म्हणजे बोल्ट नुसता ताणला जात नाहीये, वाकतोही आहे.

पत्रा उलटा, खाली दाबला तर? मिटलेल्या जोडात काहीच नाही. फट असलेल्या जोडात बोल्टचा ताण उतरला. म्हणजे चढउताराचा पल्ला दोन्हीकडून रुंदावतो.

आता हे आकडे १२ जूनच्या पानाला लावले. एम३६ चं ताणक्षेत्र ८१७. मिटलेल्या जोडात चढउतार ७ मेगापास्कल, जो फटीगच्या हिशेबात धरायच्याही खाली. फट असलेल्या जोडात ४९. या व्यासाला २० लाख आवर्तनांची मर्यादा जवळजवळ ४८. म्हणजे दर ८ सेकंदांना अशी एक ओढ बसत राहिली तर हिशेबाचं आयुष्य सहा महिने. प्रत्येक लाट इतकी जोरात नसते, आणि नियमावलीतल्या मर्यादेत सुरक्षेचं अंतर धरलेलं असतं, हे खरं. पण २५ वर्षं आणि सहा महिने यांच्यातलं अंतर त्याने भरून निघत नाही.

मालकांना बोलावून दुसरी फेरी त्यांच्यासमोर परत केली. फिलर त्यांच्याच हातात दिला.

२२ ऑगस्ट

मालकांचा पुढचा मुद्दा: एका तुकड्यात शिम घालून फट केली, ठीक. खऱ्या रिंगमध्ये शेजारचे बोल्ट ती ओढून मिटवतील.

लांबवर पसरलेली फट मिटते, कारण तिथे पत्र्याला वाकायला जागा असते. आखूड फट मिटत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना फ्लँज टेकलेला असतो आणि मधला पत्रा उभ्या दिशेने भयंकर ताठ, त्याला खाली खेचण्यातच बोल्टचा प्रीलोड संपतो. तेवढ्या भागातले पाचसहा बोल्ट कागदावर पूर्ण आवळलेले आणि प्रत्यक्षात उघड्या जोडाचे.

मग आखूड फट येते कुठून? मामांनी उत्तर व्हीटीएलवरच (उभ्या लेथवर) दाखवलं. लहान रिंग जबड्यांत नेहमीसारखी आवळली, तोंड फेस केलं, डायल फिरवला तर सुई हलेना. मग जबडे सोडले आणि परत डायल लावला. जिथे जिथे जबडा होता तिथे तिथे सुई उडते. रिंग धरताना वाकली होती, वाकलेली असताना सपाट झाली, सोडल्यावर आपल्या मूळ आकाराला गेली. जबडे जितके, लाटा तितक्या, आणि नेमक्या आखूड.

"शेवटचा कट घ्यायच्या आधी जबडं ढिलं करायचं," मामा म्हणाले. "खाली जिथं पोकळ हाय तिथं शिम सारायचं, मग नुसतं टेकवून धरायचं. येळ लागतंय खरं, पण रिंग खोटं बोलत न्हाई."

दुपारी त्यांनी तसंच केलं. सोडल्यावर सुई जवळजवळ जागची.

ग्राहकाच्या ड्रॉइंगवर संपूर्ण रिंगच्या सपाटपणाचा एक आकडा आहे आणि थोड्या अंशांच्या कमानीसाठी वेगळा, आणखी कडक आकडा आहे. जूनमध्ये हा दुसरा आकडा आम्हाला छळ वाटला होता. आता त्याचा अर्थ लागतोय.

२६ ऑगस्ट

उद्यापासून गणपती. माणसं विसर्जनानंतरच परत. सांगाड्यावर प्लास्टिक टाकलं, गेजचे बोल्ट पुन्हा बल्बच्या खोक्यात.

१० सप्टेंबर

वेंगुर्ल्याला बहिणीच्या गच्चीवर जूनमध्ये ठेवलेले नमुने आणले, आंबोलीमार्गे. साधा काळा बोल्ट पूर्ण तांबडा झालाय, नट हाताने फिरत नाही. जस्तवाल्यावर पांढरी भुकटी, खाली धातू शाबूत. आमच्या मुख्य प्रश्नाशी याचा फारसा संबंध नाही. खऱ्या पवनचक्कीत हे बोल्ट नळाच्या आत, लाटांच्या वर असतात, थेट तुषार झेलत नाहीत. पण ओलावा आणि मीठ आतही पोचतं. एक गोष्ट पाहण्यासारखी: शिम घालून मुद्दाम फट ठेवलेल्या छोट्या तुकड्यांत पाणी फटीत शिरून बसलं होतं, आणि दांड्यावरचं जस्त सर्वांत जास्त तिथेच खाल्लेलं.

१८ सप्टेंबर

दर ठरवायला बसलो. मालकांनी टॉर्कच्या नव्या पंपासाठी राखलेले पैसे फ्लँज मोजायच्या लेझरकडे वळवलेत. पंप भाड्याने मिळतो, लेझर बेळगावात भाड्याने मिळत नाही, हे त्यांचं कारण. माझं वेगळं आहे, पण भांडायची गरज पडली नाही.

कोटेशनमध्ये तीन गोष्टी घातल्या. शेवटचा कट जबडे ढिले करून, त्याचा जादा वेळ वेगळा लावलेला. सपाटपणा रिंग सोडल्यानंतर मोजायचा, धरलेल्या अवस्थेतला आकडा ग्राह्य नाही. आणि प्रत्येक रिंगबरोबर पूर्ण घेराचा आलेख द्यायचा, कुठल्या बोल्टच्या भोकापाशी किती उंच-खोल ते दाखवणारा, म्हणजे जुळवणी करणाऱ्याला दोन रिंगांचे उंचवटे एकमेकांवर येणार नाहीत असं फिरवून बसवता येईल.

मालकांनी जादा वेळाच्या रकमेवर बोट ठेवलं. मी फिलर टेबलावर ठेवला. रक्कम तशीच राहिली.

पुढचं काम: दोन शेजारी बोल्टांचा तुकडा. एक आवळला की दुसऱ्याचा ताण किती उतरतो ते एका बोल्टच्या सांगाड्यावर दिसत नाही. पत्रा कापायला टाकलाय, गेज मागवलेत.